साठ प्रती आणि एक मायक्रोस्कोप

आज एका आकड्यापासून सुरुवात करूया: एच-इंडेक्स. तुमच्यापैकी कुणी पीएचडी करत असेल, तर नुसतं नाव ऐकूनच पोटात गोळा आला असेल. हिशोब सोपा आहे. तुमच्या दहा शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा इतर संशोधकांनी हवाला दिला, पण अकरा निबंधांना अकरा-अकरा हवाले मिळाले नाहीत, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये ही कल्पना मांडली. आज नोकरी, बढती, निधी ठरवताना हा आकडा बघितला जातो.

मला प्रश्न पडला, हा आकडा १८८८ मध्ये असता तर सांतियागो रामोन इ काहालचा किती भरला असता? आज त्याला मेंदूविज्ञानाचा जनक म्हणतात. पण तेव्हा तो होता बार्सिलोनातला एक छत्तिशीचा प्राध्यापक. स्पेनबाहेर त्याचं फारसं कुणी वाचतच नव्हतं.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांना वाटायचं, की मेंदू म्हणजे एक सलग जाळं आहे. सगळे धागे एकमेकांत मिसळलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. इटलीच्या कामिल्लो गोल्जीनं १८७३ मध्ये एक भन्नाट रीत शोधली होती. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. मग हजारोंतल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या फांद्यांसकट दिसतात. गंमत म्हणजे स्वतः गोल्जीला त्यात जाळंच दिसलं!

काहालनं ही रीत १८८७ मध्ये माद्रिदला लुइस सिमार्रो या डॉक्टरकडे पाहिली आणि तो अक्षरशः वेडा झाला. त्यानं दोन बदल केले. रंग दोनदा दिला, आणि प्रौढ प्राण्यांऐवजी पक्ष्यांची पिल्लं आणि भ्रूण घेतले. त्यांच्या तंतूंवर अजून आवरण चढलेलं नसतं, म्हणून रंग नीट बसतो. आता त्याला स्पष्ट दिसलं, की धागे एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येक पेशी वेगळी आहे. ती दुसरीच्या जवळ जाते आणि तिथेच संपते.

शोध लागला, पण छापणार कुठे? मे १८८८ मध्ये त्यानं स्वतःचंच नियतकालिक काढलं. खर्च स्वतःचा, प्रती फक्त ६०. घरात पोरांची फौज, पगार तुटपुंजा. आत्मचरित्रात तो लिहितो, की पैसे वाचवायला बायकोनं घरातली मोलकरीण बंद केली. म्हणजे विज्ञानाच्या इतिहासातल्या या अंकांची किंमत त्या माउलीनंही मोजली, बरं का. हवाल्यांच्या कुठल्याही यादीत ती सापडणार नाही.

त्या प्रती परदेशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पोस्टानं गेल्या. उत्तर? जवळजवळ शांतता. कारण साधं होतं. मजकूर स्पॅनिशमध्ये होता आणि तेव्हा विज्ञान चालायचं जर्मन आणि फ्रेंचमध्ये.

दुसरा एखादा रुसून बसला असता. काहालनं ऑक्टोबर १८८९ मध्ये आपल्या काचपट्ट्या आणि मायक्रोस्कोप उचलला आणि थेट बर्लिन गाठलं. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांचं अधिवेशन होतं. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून तो म्हणत राहिला, या, डोळा लावून बघा. त्यात आल्बर्ट फॉन क्योलिकर होता. वय ७२, आपल्या विषयातला दादा माणूस. त्यानं पाहिलं आणि त्याला पटलं. पुढे काहालचं लेखन वाचता यावं म्हणून हा म्हातारा चक्क स्पॅनिश शिकला!

१८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डायरनं हे सगळं काम एकत्र मांडून त्या पेशीला नाव दिलं, ‘न्यूरॉन’. नाव जर्मनीत ठेवलं गेलं, पुराव्याचा मोठा वाटा मात्र बार्सिलोनाचा. १९०६ मध्ये काहाल आणि गोल्जीला नोबेल विभागून मिळालं, आणि गोल्जीनं त्याच व्यासपीठावरून न्यूरॉनच्या कल्पनेवर टीका केली. दोन पेशींमधली फट खरोखर दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. तेव्हा दोघंही हयात नव्हते.

हवाले पद्धतशीर मोजणं सुरू झालं त्याहून नंतर. युजीन गारफिल्डचा सायन्स सायटेशन इंडेक्स आला १९६४ मध्ये. पण या मोजणीत एक मजेशीर भोक आहे. एखादा शोध फार मोठा झाला, की लोक त्याचा हवाला देणंच सोडतात. आज ‘न्यूरॉन’ लिहिताना काहालचा १८८८ चा निबंध कोण नमूद करतो? तो आता पाठ्यपुस्तकाचा भाग झालाय. आणि त्याच्या महाग्रंथाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर यायला १९९५ उजाडलं, तेही फ्रेंच आवृत्तीवरून.

मी हे मराठीत, माझ्या मोजक्या श्रोत्यांसाठी बोलतोय, म्हणून मला ही गोष्ट जवळची वाटते. आकडे खोटे असतात असं मी म्हणणार नाही. किती जणांनी वाचलं, हे ते बऱ्यापैकी सांगतात. बघितलेलं खरं होतं की नाही, हे मात्र सांगत नाहीत. आणि काहाललासुद्धा वाचक हवेच होते. त्यांची वाट बघत तो बसला नाही, मायक्रोस्कोप घेऊन त्यांच्याकडे गेला.

तुमच्या ओळखीत कुणाची झोप एच-इंडेक्समुळे उडाली असेल, तर हा भाग त्याला पाठवा. भेटूया पुढच्या भागात.