डफापासून गिटारपर्यंत

गणेशोत्सवात गिटार आणि ड्रमच्या साथीने लोकगीते व अभंग म्हणणारे बँड आता आपल्याला नवे राहिले नाहीत. घरातल्या ज्येष्ठांना हे कधी खटकते. पण लोकगीताला आपल्या काळाचा ठेका देणारी मंडळी मराठीत फार आधी होऊन गेली.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांनी 1944 साली मुंबईत लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊ वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. साथीला डफ, ढोलकी, तुणतुणे. समोर श्रोते कामगार वस्तीतले. पोवाडा आणि लावणीचा बाज जुनाच, विषय मात्र कामगारांच्या रोजच्या जगण्याचे. तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि वग असा क्रम. अण्णा भाऊंनी गवळण वगळली आणि गणात गणपतीऐवजी मातृभूमीला व हुतात्म्यांना वंदन केले. तमाशावर सरकारी बंदी आली, तेव्हा तोच ऐवज लोकनाट्य म्हणून पुढे आला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदाने गाजवली.

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ऑगस्ट 1954 मध्ये पोर्तुगीजांपासून मुक्त झालेला आपला सिल्वासा-किलवणीचा परिसर मात्र त्याच्या सीमेबाहेर राहिला. इथे मराठी टिकते ती घरात आणि मंडपात. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की मुलांच्या हाती गिटार असली तरी चालेल, ओठी मराठी गाणे असू द्या.

गणपती बाप्पा मोरया!