खामोशी नीम रजा

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ 1980 चा. पटकथा विजय तेंडुलकरांची. या सुट्टीत तो डीव्हीडीवर पुन्हा पाहिला. गल्लीत भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे लावायचे ते दिवस आठवतात. तेव्हा ‘आक्रोश’ कोणी मागवत नसे. घरी पाहण्यात एक सोय आहे, चित्र थांबवता येते. लहान्या भिकूचा चेहरा मी कितीदा तरी थांबवून पाहिला.

लहान्या आदिवासी मजूर. त्याच्या बायकोवर, नागीवर, गावातल्या वजनदार माणसांनी अत्याचार केला आणि तिच्या खुनाचा आळ मात्र त्याच्यावर. तरुण वकील भास्कर कुलकर्णी (नसीरुद्दीन शाह) परोपरीने विचारतो. लहान्या बोलत नाही. ओम पुरींनी ही भूमिका जवळजवळ नुसत्या डोळ्यांनी केली आहे. अदालतीला बयान हवे असते आणि ज्याने सगळे भोगले त्याच्याकडे बयानच नाही.

आपल्या भागातल्या माणसाला इथे देसाईगंज आठवल्याशिवाय राहत नाही. तेंडुलकरांनी तेच डोळ्यांपुढे ठेवून लिहिले असे मी म्हणत नाही. पण काळ तोच आहे, आणि खामोशीही तीच.

देसाईगंज म्हणजे वडसा, चांदाफोर्ट-गोंदिया रेल्वेवरचे. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली वेगळा झाला 1982 साली. 26 मार्च 1972 च्या रात्री एका आदिवासी मुलीला भावाच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात आणले होते. मजुरी करून जगणारी, आईबाप नसलेली पोर. डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले, तिला थांबवले. दोन पोलिसांवर आरोप झाला. खटला तिच्या नावानेच ओळखला जातो. मी ते नाव लिहीत नाही.

1974 मध्ये सेशन कोर्टाने दोघांना सोडले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघांना पुन्हा निर्दोष ठरवले. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही. अर्थात तिची संमती होती!

उर्दूच्या तासाला आम्ही एक कहावत शिकवतो, ‘खामोशी नीम रजा’. गप्प राहणे म्हणजे अर्धी संमती. संस्कृतातही मौनाला संमतीचे लक्षण म्हटले आहे. लग्नाच्या बैठकीत लाजणाऱ्या मुलीसाठी ठीक असेल ते. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, वर्दीसमोर उभ्या असलेल्या पोरीला ती कहावत लावायची? न्यायालयाने तर अर्ध्याची पूर्ण केली.

1979 च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ओरडली नाही आणि राजी होती, या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्यांचा मुद्दा. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या. पत्राच्या दुसऱ्याच वर्षी ‘आक्रोश’ आला.

सिनेमात मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो दुसाने. सरकारी वकील, स्वतः आदिवासी, शिकून वर आलेला. अमरीश पुरींनी तो कमालीचा सभ्य केला आहे. रात्री-बेरात्री निनावी फोन येतात, त्याच्या जातीवरून शिव्या. तो ऐकतो आणि रिसीव्हर ठेवतो. सकाळी पुन्हा लहान्याविरुद्ध उभा. त्याचीही एक खामोशीच आहे, फक्त काळ्या कोटातली. (आदिवासींमधल्या कार्यकर्त्याच्या छोट्या भूमिकेत आपल्या विदर्भाचे महेश एलकुंचवार दिसतात, हे नव्या पोरांना सांगावे लागते.)

1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर कोर्टाने आधी तेच धरून चालायचे. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कलमात स्पष्ट लिहिले गेले ते मात्र 2013 साली. देसाईगंजच्या त्या रात्रीनंतर 41 वर्षांनी.

लहान्याला असला कुठलाच कायदा मिळत नाही. बापाच्या अंत्यविधीला त्याला पोलीस पहाऱ्यात आणतात. चितेजवळ बहीण उभी. तिच्यावर खिळलेल्या नजरा त्याला दिसतात. तो कुऱ्हाड उचलतो आणि घाव घालतो तो बहिणीवर. मग आभाळाकडे तोंड करून ओरडतो, पुन्हा ओरडतो. सबंध सिनेमाभर जो आवाज अदालत मागत होती तो हा. लिहून घ्यायला तिथे कोणी नसते.