अवटू ग्रंथीतील गाठींची सोनोग्राफी

अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथीतील गाठ कर्करोगाची असण्याचा संभव किती, हे श्राव्यातीत ध्वनिलहरींनी अजमावण्याची पद्धत. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात; त्यामुळे कोणत्या गाठीत सुई घालून पेशी तपासाव्यात आणि कोणत्या गाठीत नाही हे ठरवणे, हेच या तपासणीचे खरे काम. ग्रंथी त्वचेलगत असल्याने काही मिलिमीटरच्या गाठीही स्पष्ट दिसतात. घन व भोवतालच्या ऊतीपेक्षा काळसर गाठ, वेड्यावाकड्या कडा, आत चुन्याचे सूक्ष्म ठिपके ही संशयाची लक्षणे. आडव्या छेदात गाठ रुंदीपेक्षा उंच दिसली, तर संशय विशेष बळावतो. कारण घातक गाठ ऊतींचे थर ओलांडून वाढते. द्रवाने भरलेली किंवा स्पंजासारखी जाळीदार गाठ बहुधा निर्धोक. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१७ च्या ‘टाय-रॅड्स’ पद्धतीत लक्षणांना गुण देऊन पाच श्रेणी पाडतात. सर्वाधिक संशयाच्या श्रेणीत १ सेंमी., तर सौम्य संशयाच्या श्रेणीत २·५ सेंमी. आकारापासून सुईने पेशी काढून तपासण्याची शिफारस आहे.

दक्षिण कोरियात मात्र निरोगी लोकांच्याही सरसकट सोनोग्राफीमुळे अवटूच्या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण २०११ मध्ये १९९३ च्या सुमारे पंधरापट झाले. मृत्युदर मात्र जवळपास तितकाच राहिला. अनेकांच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या. लक्षणे नसलेल्या निरोगी व्यक्तीची ही तपासणी म्हणूनच टाळावी.