"विद्या आमच्यासाठीं नाहीं" : एका समजुतीचा इतिहास

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागील वर्षांचा हिशेब मांडण्याची चाल आहे. किती मुलें शाळेंत गेलीं, किती उत्तीर्ण झालीं, किती मोठ्या पदांस चढलीं, हें अशा स्मरणिकेंत नोंदविलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु जीं मुलें शाळेच्या दारापर्यंत येऊन मागें फिरलीं, त्यांची नोंद कोठें होत नाहीं. घरोघरीं भेटी देतांना आम्हांस अशा मुलांच्या तोंडून एकच वाक्य वारंवार ऐकावें लागतें : "फादर, माझ्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं." आईबापही त्यास दुजोरा देतात : "आमच्या घराण्यांत कोणाला विद्या आलीच नाहीं." ही समजूत मुलाबरोबर जन्मास येते काय? कीं ती त्यास कोणी शिकविलेली असते? इतिहासानें या प्रश्नाचें जें उत्तर दिलें आहे, तें पालकांनीं व गुरुजनांनीं विचारांत घेण्याजोगें आहे.

फ्रान्स देशांत १८८२ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें. त्यामुळें पूर्वीं जीं मुलें शाळेंत दिसतच नव्हतीं, तींही वर्गांत बसूं लागलीं व त्यांपैकीं कांहीं मागें पडूं लागलीं. अशा मुलांचा विचार करण्यासाठीं १९०४ सालीं सरकारनें एक समिति नेमली. तिचे एक सभासद आल्फ्रेद बिने यांनीं डॉक्टर सिमों यांच्या साहाय्यानें १९०५ सालीं तीस लहान कसोट्यांची एक मालिका तयार केली. कोणत्या मुलास विशेष साहाय्य हवें हें कळावें, एवढाच तिचा हेतु होता. परंतु "हा कांहीं शिकणार नाहीं" असा एकदां निकाल देऊन मोकळें व्हावें, ही वृत्ति बिने यांस शिक्षकांमध्यें दिसली. १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांनीं तिचा कडक निषेध केला. बुद्धि ही ठराविक मापाची वस्तु असून ती वाढवितां येत नाहीं, हें मत त्यांस मुळींच मान्य नव्हतें.

निषेध करून ते थांबले नाहींत. मागें पडलेल्या मुलांसाठीं जे वर्ग काढण्यांत आले, तेथें पुस्तकाआधीं खेळ आले. खूण होतांच सर्वांनीं पुतळ्याप्रमाणें निश्चल उभें राहावें. पाण्यानें कांठोकांठ भरलेलें भांडें एक थेंबही न सांडतां न्यावें. वरवर पाहतां हा पोरखेळ होय; परंतु त्यांत मर्म आहे. लक्ष देणें हेंही शिकावें लागतें, आणि तें रोज थोडथोडें शिकतां येतें. आज दहा पावलें, उद्यां वीस. मुलास आपली प्रगति आपल्याच डोळ्यांनीं दिसते. ज्यास "तुला जमणार नाहीं" हेंच ऐकण्याची संवय, त्यास "मला जमलें" असें म्हणतां येतें.

१९११ सालीं बिने वारले. त्यांची कसोटी अमेरिकेंत गेली; तेथें १९१६ सालीं लुइस टर्मन यांनीं तिचें नवें रूप प्रसिद्ध केलें, आणि बुद्धि बहुतांशीं जन्मजात असते हें मत तिच्याच आंकड्यांच्या आधारें पसरलें. मुलास हात देण्यासाठीं जी कसोटी घडविली, तीच त्याच्या कपाळावरचा शिक्का बनली.

हें दूरच्या देशांचें झालें. पण तोच प्रश्न आपल्या उत्तर कोंकणांतही उभा राहिला. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. अनुताईंस बालवयांतच वैधव्य आलेलें. विद्या आपल्यासाठीं नाहीं असें मानण्यास त्यांच्याइतकें सबळ कारण थोड्यांसच असेल. त्याच वर्षीं त्याच भागांत वेठबेगारीविरुद्ध वारली लोकांचा लढा पेटला. पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या दारीं राबलेल्या या लोकांस शाळा परक्याची वाटली, तर नवल काय? त्यांची समजूत खुळी नव्हती; ती अनुभवानें शिकविलेली होती. म्हणूनच नुसत्या उपदेशानें ती जाणारी नव्हती.

मुलें शाळेकडे येत नाहींत, तर शाळेनें मुलांकडे जावें, असा मार्ग या दोघींनीं काढला. वस्तींतल्या अंगणांतच बालवाडी भरूं लागली. हीच अंगणवाडी होय. पुढें कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाल्यावर गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं शाळा कुरणांत नेली; ती कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजीं खडे, पानें, बिया, शिंपले यांवर धडे होऊं लागले. या वस्तु त्या मुलांच्या रोजच्या ओळखीच्या. त्यामुळें पहिल्याच दिवशीं आपण अडाणी आहों असें वाटण्याचें त्यांस कारण राहिलें नाहीं. १९७५ सालीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

अलीकडील संशोधनही हीच दिशा दाखवितें. अमेरिकेंत नववीच्या १२,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. बुद्धि परिश्रमानें वाढते, हें त्यांस एका तासाहून कमी वेळांत समजावून दिलें. तेवढ्यानें अभ्यासांत मागें असलेल्यांचे गुण वाढले. मात्र वाढ थोडी होती, आणि जेथें सोबत्यांचें वळण कठीण प्रश्नास हात घालण्याचें होतें, तेथेंच ती विशेष दिसली. चांगला शब्द हें बीं खरें. पण खडकावर पडलेलें बीं उगवत नाहीं. जमीन आपणच तयार केली पाहिजे.

तेव्हां पालकहो, मुलाच्या देखत "हा ढ आहे" हें वाक्य थट्टेनेंही उच्चारूं नका, आणि शेजारच्या मुलाचे गुण त्याच्यापुढें वाचूं नका. गुरुजनहो, मागें राहिलेल्यास प्रथम असें काम द्या, जें थोडक्या श्रमानें पण खऱ्या श्रमानें पुरें होईल. मग एक पायरी चढवा. पोकळ स्तुति करूं नका. मुलें ती ओळखतात. वहींतली चूक दाखवितांना ती कशी सुधारावी हेंही दाखवा. आणि जो वर्गांत येईनासा झाला आहे, त्यास बोलावणें पाठवून स्वस्थ बसूं नका. त्याच्या अंगणांत जा. इमारतीचा जीर्णोद्धार पैशानें होतो; मुलाच्या मनाचा उद्धार मात्र अशा येरझारांनींच होतो, आणि त्या घालण्याची जबाबदारी आपणां सर्वांची आहे.