माहिती विचारावी की मागावी?

मराठीतील ‘चौकशी’ हा शब्द रेल्वे स्थानकावरील खिडकीलाही चालतो आणि पोलिस खात्यालाही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत मात्र गाडीची वेळ विचारणे ते ‘एन्क्वायर’ आणि एखाद्या प्रकरणाचा रीतसर तपास करणे ते ‘इन्क्वायर’, असा भेद पाळण्याचा प्रघात आहे. अमेरिकी लेखनात दोन्हीकडे ‘इन्क्वायर’च चालते. खरी मेख पुढच्या शब्दयोगी अव्ययात आहे. ‘अबाउट’ जोडले की विचारपूस, ‘इन्टू’ जोडले की तपास. आपल्या कर्जाविषयी बँकेला लिहिताना ‘इन्टू’ वापरल्यास अर्जदार स्वतःच तपास अधिकारी ठरतो!

‘डिमांड’ हा शब्द तर अधिकच जपून वापरावा. मराठी ‘मागणी’ नम्र असू शकते. इंग्रजी ‘डिमांड’मध्ये हुकमी सूर असतो. त्याऐवजी ‘रिक्वेस्ट’ योग्य. मात्र ते क्रियापद असेल तेव्हा त्यापुढे ‘फॉर’ लावू नये. आपल्याकडील कार्यालयीन पत्रांत ही चूक सर्रास आढळते.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या सहाव्या कलमातही ‘रिक्वेस्ट’ हाच शब्द आहे. माहिती कशासाठी हवी, याचे कारण अर्जदाराने देण्याची गरज नाही, असे तेच कलम सांगते. तरीही क्रियापद चुकल्यास अर्ज वाया जाऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की कायद्यातील ‘माहिती’च्या व्याख्येत ‘का’ या प्रश्नाचे उत्तर येत नाही. त्यामुळे ‘एक्स्प्लेन’ किंवा ‘जस्टिफाय’ने सुरू होणारा अर्ज फेटाळण्यास अधिकाऱ्याला आयते निमित्त मिळते. ‘रस्त्याचे काम का रखडले?’ असे विचारण्याऐवजी त्या कामाचा कार्यादेश, मुदतवाढीची पत्रे व संबंधित फाईलवरील शेरे यांच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. त्यासाठी ‘काइंडली प्रोव्हाइड’ किंवा थोडे भारदस्त ‘फर्निश’ पुरेसे आहे. कारण नोंदलेले असेल, तर ते त्या कागदांतच सापडते.

अर्थात, इंग्रजीचा हा खटाटोप ऐच्छिक आहे. महाराष्ट्रात हा अर्ज मराठीतूनही करता येतो. मात्र राज्याच्या २०१२ च्या नियमांनुसार तो एकाच विषयावर आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. लिहिता येत नसेल, तर तोंडी विनंती लेखी स्वरूपात उतरवून घेण्यासाठी वाजवी साहाय्य देणे, हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे.