पोटावर चालणारी सायकल

सैन्य पोटावर चालतं म्हणतात. सायकलचं तसं नाही. ती पोट कमी करण्यासाठी चालवायची असते, असं निदान आमचे डॉक्टर तरी सांगतात. पण दिवसभर रमतगमत सायकल हाकावी, गावागावांत उतरून तिथलं खावं, तिथलंच प्यावं आणि संध्याकाळी मुक्कामी पोचावं, हाही एक रीतसर शौक आहे. त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि इतिहास म्हटला की भांडण आलंच.

भांडणातले पहिले गृहस्थ फ्रान्समधले पॉल द विव्ही. जन्म १८५३, धंदा रेशमाचा, पण जीव सायकलीत. १८८७ साली त्यांनी सेंत-एत्येन गावी सायकलीला वाहिलेलं एक पत्र काढलं आणि 'व्हेलोसिओ' या टोपणनावानं ते सहलींविषयी लिहू लागले. शर्यत नको, सहल हवी. डोंगर चढायचा तर सायकलीला गिअर हवेत, हा त्यांचा हेका. सायकलस्वारांसाठी त्यांनी सात आज्ञाही करून ठेवल्या. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, दमून गळून जाईपर्यंत चालवू नका, आणि निव्वळ मिरवण्यासाठी तर पायडल मुळीच मारू नका. इथपर्यंत कोणीही मान डोलावेल. पण पाचवी आज्ञा अशी, की वाटेत दारू, मांस आणि तंबाखू वर्ज्य! फ्रेंच माणसाला दारू सोडायला सांगणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा सोडा म्हणण्यासारखं आहे. शिष्यांनी बाकीच्या सहा आज्ञा जास्त मनापासून पाळल्या असाव्यात, असा माझा आपला अंदाज.

दुसरे गृहस्थ आंरी देग्रांज. यांनी १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू केली. सहा टप्पे आणि एकूण २४२८ किलोमीटर! गिअर हे यांच्या मते पंचेचाळिशीपुढच्या लोकांचं काम. मर्दानं मांड्यांच्या जोरावर चढावं. शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. ते पाहायला व्हेलोसिओ नव्हते. १९३० साली, सायकल हातात धरून पायी चालले असताना ट्रामची धडक बसून ते गेले.

गंमत अशी, की देग्रांजसाहेबांच्या मर्दांनाही भूक-तहान काही सुटली नाही. वाटेतल्या कॅफेत घुसायचं, हाताला लागतील त्या बाटल्या उचलायच्या आणि सुटायचं, हा त्या शर्यतीतला जुना रिवाज. १९३५ साली पो ते बोर्दो या टप्प्यात उन्हानं सगळे भाजून निघाले होते. रस्त्याकडेला लोकांनी थंडगार बिअरची टेबलं मांडलेली पाहून अख्खा जथा उतरला. एकटा ज्युलियाँ म्वानो तेवढा उतरला नाही, आणि पंधरा मिनिटांहून जास्त फरकानं जिंकला! ती टेबलं त्यानंच मांडवली होती असंही म्हणतात. १९५० साली अल्जीरियाचा अब्देलकादेर झाफ उन्हानं कोसळला, उठला तो उलट्या दिशेनं सायकल हाणू लागला. लोक म्हणाले, वाइन चढली. त्याचे कैवारी म्हणतात, बिचारा प्यालाच नव्हता. शुद्धीवर आणायला गावकऱ्यांनी ती त्याच्या अंगावर ओतली. आता पाणी सोडून वाइन ओतणारे गावकरी त्याच देशात मिळायचे.

पण व्हेलोसिओंच्या बाजूनं खरा निकाल लागला तो इटलीत. तस्कनीतल्या क्यांतीच्या डोंगरांत द्राक्षमळ्यांमधून जाणारे पांढऱ्या मातीचे, खडीचे जुने रस्ते आहेत. त्यांच्यावर एकेक करून डांबर पडत चाललं होतं. आपल्याकडे डांबर पडलं की पेढे वाटतात (आणि ते उखडायच्या आत खाऊन घेतात). तिथं जियानकार्लो ब्रोच्ची नावाच्या गृहस्थांना वाईट वाटलं. त्यांनी मोर्चा काढला नाही, जेवण घातलं. १९९७ साली गायोले गावातून 'लेरोइका' नावाची सायकलफेरी निघाली. पहिल्या वर्षी ९२ जण होते. अट एवढीच, की सायकल जुनी हवी. हल्लीच्या नियमानं १९८७ च्या आधीची. मोठा मार्ग दोनशे किलोमीटरांच्या वर जातो, पण धाकटेही आहेत, आणि घाई कोणालाच नसते. कारण थांब्यावर ताकदीच्या गोळ्या नसतात. पाव आणि ऑलिव्ह तेल असतं, सलामी असते, मेंढीच्या दुधाचं चीज असतं, आणि त्याच मळ्यांतली क्यांती पेल्यातून मिळते.

पुढं हजारो लोक यायला लागले, आणि जो रस्ता गावाला गिऱ्हाईक आणतो त्यावर डांबर टाकायची घाई कोण करील? मार्गावर कायमच्या पाट्या लागल्या, त्यामुळे वर्षात कधीही, कुठल्याही सायकलीवरून तिथं दिवसभर भटकता येतं. २००७ पासून व्यावसायिक स्वारांची शर्यतही याच पांढऱ्या रस्त्यांवरून होते. ती मंडळी मात्र जेवायला थांबत नाहीत.

थांब्यावर खास मान असतो तो 'रिबोलिता'ला. कालचं घेवड्याचं आणि कोबीचं सूप, त्यात शिळा पाव, आणि पुन्हा उकळी. नावाचा अर्थच मुळी 'पुन्हा उकळलेलं'. फोडणीची पोळी आपण पाहुण्यांपासून लपवून खातो. हे लोक परदेशाहून आलेल्या पाहुण्यांना वाडगा भरून देतात, आणि पाहुणे आणखी मागून घेतात.