कुकडी खोऱ्यातील कालनिर्णय आणि किरणोत्सर्ग

प्रस्तावना
जुन्नर तालुक्यातील घाटघर हे नाणेघाटाच्या माथ्याजवळील गाव. घाटातील लेण्यात असलेल्या नागनिकेच्या ब्राह्मी शिलालेखाचा काळ अक्षरवटिका व सातवाहन राजांची नावे यांवरून ठरविता येतो. परंतु याच डोंगराळ भागात उगम पावणाऱ्या कुकडीच्या काठी, बोरी येथे सापडलेल्या पुराश्मयुगीन हत्यारांना लिपीचा आधार नाही. तेथे इतिहासाला भौतिकशास्त्राकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात या आधाराचे स्वरूप व मर्यादा यांचा विचार केला आहे.

किरणोत्सर्गाचे तत्त्व
युरेनियमच्या क्षारांतून आपोआप किरण बाहेर पडतात, हे हेन्री बेक्वेरेल यांना १८९६ मध्ये आढळले. अस्थिर अणुकेंद्र अल्फा वा बीटा कण आणि गॅमा किरण उत्सर्जित करून स्थिर रूपाकडे जाते. निम्म्या अणूंचा ऱ्हास होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे असल्याने त्याचा उपयोग साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच होतो. त्यापलीकडे पोटॅशियम-४० उपयोगी पडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे असून ऱ्हास पावणाऱ्या अणूंपैकी सुमारे ११ टक्क्यांचे आर्गॉन वायूत रूपांतर होते. लाव्हारसातील जुना आर्गॉन निसटून जातो व तो थिजल्यावर गणना नव्याने सुरू होते, असे येथे गृहीत धरले जाते.

बोरी येथील मतभेद
बोरीच्या हत्यारांशी निगडित असा ज्वालामुखीय राखेचा थर आढळला. रवी कोरीसेट्टर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे दिले. १९९५ मध्ये शीला मिश्रा प्रभृतींनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ६.७ लाख वर्षे मांडले. त्याच वर्षी राखेच्या रासायनिक घटनेवरून ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे प्रतिपादन झाले. या संशोधनात स्वतः कोरीसेट्टरही सहभागी होते, हे उल्लेखनीय होय.

निष्कर्ष
पहिल्या व शेवटच्या वयांत जवळजवळ १९ पटींचे अंतर आहे. दख्खनमधील मानवी वस्तीच्या प्राचीनतेचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे. हा दोष किरणोत्सर्गाच्या नियमाचा नव्हे. राखेत जुन्या खडकाचे कण मिसळल्यास वय फुगते; तसेच नदीने थर हलविले असल्यास राखेचे वय हे हत्यारांचे वय ठरत नाही. म्हणून प्रयोगशाळेतील आकडा इतिहासात स्वीकारण्यापूर्वी नमुना कोणत्या थरातील व कोणत्या कणांचा, हे तपासणे अगत्याचे आहे. शिलालेखाप्रमाणेच अणूची साक्षही चिकित्सेनंतरच ग्राह्य ठरते.